जुन्या व्हर्जनमधली जोडणी

हमीद, तुझ्या मयतीत लोक तुझ्याइतकंच माझंही कौतुक करत होते.

माती देऊन परत निघालो तेव्हा तुझ्या गल्लीतल्या दोघांनी मला मध्ये घेतलं. "विलासभाऊ, तुम्ही होता म्हणून झालं. दोन बोटं हलत होती माणसाची, आन् तेवढ्यावर यान जोडलं त्यांनी. सोपं हाय का?" मी मान हलवली. शाळेतले सर मागून आले, म्हणाले, त्यांच्यावर दोन पानं लिहून द्या, पोरांपुढं वाचतो. मी पुन्हा मान हलवली. तुझंच वाक्य आठवलं. "ह्याच्या मानंत स्प्रिंग बसवलीय, पर तोंडाला कनेक्शन द्यायचं राहिलंय."

तर आज कनेक्शन देतो. तू कुठं शिकलास, किती वर्षं नोकरी केलीस हे सरांना ठाऊक आहे. मी जे लिहिणार आहे ते फक्त मला ठाऊक आहे, असं कालपर्यंत वाटत होतं. सर हे पोरांपुढं वाचतील की नाही, ते त्यांनी ठरवावं.

आपण दोघं दूध पावडरच्या कंपनीत. मी कंट्रोल रूममध्ये पॅनेलवर, तू इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. माझं घर यवतला, तुझं भीमा ओलांडून मांडवगणात. सुट्टी पडली की मी उसाच्या ट्रॉल्या चुकवत तुझ्याकडं. पुढच्या खोलीत कपाटाशेजारी तुझा संगणक, आणि त्यात अवकाशयान चालवायचा सिम्युलेटर. पहिल्याच दिवशी तू मला बजावलंस, "ह्याला गेम म्हणायचं न्हाई. गेममध्ये माणूस मरतो आन् परत उठतो. हितं कुणी मरत न्हाई. हितं माणूस चुकतो."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पृथ्वीभोवती फिरणारं एक स्थानक असतं, त्याला एक गोल दार. आपल्या यानाच्या नाकावरही तसंच दार. ही दोन दारं एकमेकांना लावायची, त्याला आपण जोडणी म्हणायचो. दोन्ही वस्तू भयंकर वेगानं पळत असतात, पण एकीच्या मानानं दुसरी मुंगीच्या चालीनं जवळ आणायची. यान वळवणं वेगळं, आणि न वळवता नुसतं बाजूला सरकवणं वेगळं. ब्रेक नावाचा प्रकारच नाही. एकदा ढकललं की उलट ढकलेपर्यंत ते जातच राहतं. नवखा माणूस ढकलतो, घाबरतो, उलट ढकलतो, आणखी घाबरतो आणि स्थानकावर जाऊन आदळतो. मी शेवटपर्यंत नवखाच राहिलो.

कंट्रोलवरून आपलं पहिल्यापासून वाजलं. तुझ्या उजव्या हाताला यान वळवायची जॉयस्टिक असायची. डाव्या हाताला सरकवायचा दांडा, तू स्वतः बनवलेला. भंगारातल्या वॉल्व्हची मूठ आणि खाली दोन स्प्रिंगा. मी मात्र की-बोर्डवर. दाबलं म्हणजे दाबलं, सोडलं म्हणजे सोडलं, मला तेच बरं वाटायचं. तुला ते बघवायचं नाही. "बटणं दाबून यान चालवतोय! लिफ्टमन हाय का तू? किती ढकललं ते मनगटाला कळाय पाहिजे, विलास्या. मनगटाला." तुझी मनगटं चालायची तेव्हा यान त्या दाराशी असं यायचं, की कुणी झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालतंय. मी तोंडानं कधी तसं बोललो नाही. म्हणायचो, "बरं झालं."

व्हर्जनवरून तर आपण आठवडेच्या आठवडे अबोला धरलाय. तू जुनं व्हर्जन सोडायला तयार नव्हतास. काळ्या पडद्यावर हिरवे आकडे, मध्ये एक फुली, बाकी कसली मदत नाही. नवं आलं त्यात पृथ्वीवरचे ढग होते, गावांचे दिवे होते, आणि मदतीची एक पट्टी होती, शून्यापासून शंभरापर्यंत. पट्टी जितकी वर न्यावी, तितक्या आपल्या चुका यान आपण होऊन सुधारतं.

"ढग बघ की किती खरे आलेत," मी म्हणालो.

"ढग बघायचे तर मी गच्चीवर जाईन. हे माझी चूक माझ्याआधी पुसतंय. मग मी तिथं कशाला? शोभेला?"

"मग पट्टी शून्यावर ठेव."

"घरात बाटली ठेवायची आन् दारू सोडली म्हणून सांगत फिरायचं. व्हय?"

त्या भांडणाचा निकाल लागला नाही. जसा लागला तसा लागायला नको होता.

इथं आपल्या कामातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. बॉयलरला पाणी कमी झालं की तो आपोआप बंद पडावा अशी सोय असते. कधी पाणी दाखवणारा सेन्सरच बिघडतो आणि टाकी भरलेली असताना रिकामी म्हणून सांगतो. तेव्हा ती सोय तात्पुरती बायपास करायची, म्हणजे यंत्राला गप्प बसवायचं, आणि पॅनेलच्या कडीला लाल चिंधी बांधायची. पुढच्या शिफ्टच्या माणसाला लांबून दिसलं पाहिजे की इथलं दिसतंय ते खरं नाही. ही चिंधी तूच चालू केलीस. एकदा मी बायपास केला आणि चिंधी न बांधता घरी गेलो. कंटाळा, दुसरं कारण नाही. तुला ते सापडलं. तू चिंधी बांधलीस, कुणाला काही सांगितलं नाहीस, माझी नोकरी राहिली, आणि महिनाभर तू माझ्याशी बोलला नाहीस. महिन्यानं बोललास ते एवढंच, "चूक कर की. पर चुकीवर खूण ठेव. दुसरा माणूस तिच्यावर उभा राहतो."

मग तुझ्या डाव्या अंगठ्यानं काम सोडलं. आधी हातातला स्क्रू-ड्रायव्हर पडायला लागला, मग चहाचा कप. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसांचा आजार आहे, हळूहळू सगळं जाईल, औषध नाही. बुद्धीला मात्र काही होणार नाही, असं ते धीर द्यायच्या सुरात म्हणाले. त्या आजारातली सगळ्यात नीच गोष्ट तीच होती. तोंडावर माशी बसली की तुला कळायचं, आणि उठवता यायची नाही.

आजार कुठवर आला ते मला कंट्रोलवरून कळत गेलं. आधी डाव्या दांड्याच्या स्प्रिंगा बदलून मऊ घातल्या. मग दांडाच काढला. मग जॉयस्टिकची स्प्रिंग काढली. मग ती गेली आणि तळव्याखाली फिरणारा गोळा आला. तोही जमेना तेव्हा मी कंपनीच्या भंगारातून दोन पुश-बटणं आणली, एक हिरवं, एक काळं. फळीच्या तुकड्यावर ती बसवली आणि तुझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांखाली सरकवली. काळं दाबलं की दिशा बदलायची, हिरवं दाबलं की त्या दिशेला इंजिन फुंकायचं.

त्या दिवशी मी म्हणालो, "बोला लिफ्टमन, कितव्या मजल्यावर?"

तू हसलास. हसताना लाळ गळली ती मी पुसली. शमीमभाभी दारात होत्या, त्या हसल्या नाहीत. इतक्या वर्षांत मी तुला मारलेला तो पहिला टोला. तोही तुझे हात गेल्यावर. आणि मला तो मारताना बरं वाटलं होतं, हे आज लिहून ठेवतो.

जुन्या व्हर्जनमध्ये दोन बटणांवर यान जोडणं म्हणजे चमच्यानं विहीर उपसणं. एका वेळी एकच दिशा. वर सरकवावं तर डावीकडं वाहत जातंय, डावं सावरावं तर नाक खाली. यान स्थानकावर आदळायचं. तू मला शिव्या द्यायचास. बटण कडक आहे, वायर सैल आहे, माझं सोल्डरिंग म्हणजे कावळ्याची शिट आहे. मी ऐकून घ्यायचो, पुन्हा यान मागं नेऊन ठेवायचो. तू पुन्हा आदळायचास.

भाभी एकदा मला चहा द्यायला अंगणात आल्या. म्हणाल्या, "विलासभाऊ, एकदा तरी हूं द्या त्यांचं. झोपेत बी बोटं हलत्यात."

मी तुला नव्या व्हर्जनचं विचारून पाहिलं. मदत थोडीशी, दहावीस. तू म्हणालास, "तसं जोडायचं आसंल तर तूच जोड. मी चहा पितो. तोबी तूच पाज."

मग मी ते केलं. तुला भाभींनी आंघोळीला नेलं होतं तेवढ्या वेळात नवं व्हर्जन टाकलं. त्याच्या पडद्याचं रूप बदलता येतं. कुणीतरी बनवलेला जुन्यासारखाच काळा पडदा आणि हिरवे आकडे मला मिळाले होते. सुरुवातीला येणारं चित्रही जुन्या व्हर्जनचंच लावलं. ढग काढून टाकले. मदतीची पट्टी ज्या पानावर होती तिथं जायला माउस लागतो, आणि माउस धरणारा हात तुझ्याकडं नव्हता. पहिल्या आठवड्यात पट्टी तीसवर ठेवली, मग पन्नास. शेवटी ऐंशीवर नेली तेव्हा दारं जुळली.

पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. तू रडलास. भाभी रडल्या. मीही रडलो, आणि तेवढं तरी खोटं नव्हतं. भाभींनी खीर केली, गल्लीत वाटली. मी फोनवर चित्रण केलं होतं ते गावभर फिरलं. तेव्हा मला कुठंतरी लाल चिंधी बांधता आली नसती का? आली असती. मी बांधली नाही.

एकदाच तू म्हणालास, "आजकाल यान लई गुणी झालंय रं." मी म्हणालो, "तुझी बोटं बसली आता." तू माझ्याकडं जरा वेळ पाहिलंस आणि विषय सोडलास. मोटारीचा आवाज ऐकून बेअरिंगचं आयुष्य सांगणारा माणूस तू. तुला त्या वेळी कळलं नसेल, हे मला आजही खरं वाटत नाही. पण विचारायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि बहुधा तुझ्यातही नव्हती.

त्यानंतर तू फार वाईट वागायला लागलास, हमीद. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहीत नाहीत. पण तू असतास तर म्हणाला असतास, लिही. लोक यायला लागले. सर पोरांना घेऊन आले. कुणी शाल आणली. आणि तू प्रत्येकापुढं माझा कोथळा काढायचास. माझी नोकरी, माझं पोट, माझी गप्प बसायची खोड, सगळं. तुझं बोलणं आता जड झालं होतं. प्रत्येक शब्द ओढून काढावा लागायचा, आणि तरी ते शब्द तू माझ्यावर खर्च करायचास.

त्या रविवारी खोली भरली होती. तू यान जोडलंस, टाळ्या पडल्या. मग म्हणालास, "आता ह्याला बसवा. दोन हात हायती ह्याला, धडधाकट. बघू."

मी जॉयस्टिक लावून बसलो. काय झालं होतं ते तुला नंतर सांगितलंच, पण इथं पुन्हा लिहितो. पट्टी ऐंशीवर होती. मी काही केलं नसतं तरी यान सरळ दारात गेलं असतं. पण जन्मात ज्याला जमलं नाही त्याला आज जमलं, तर तुझ्या मनात पाल चुकचुकली असती. म्हणून मला ते मुद्दाम बिघडवावं लागलं. यान दाराकडं ओढ घेत होतं आणि मी घाम गाळून त्याला भिंतीकडं रेटत होतो. आदळवलं शेवटी. पोरं खिदळली.

तू थांबलास, श्वास जमवलास, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "देवानं हात... चुकीच्या माणसाकडं ठेवले."

लोक हसले. सरही हसले. मीसुद्धा हसलो, मान हलवली.

सगळे गेल्यावर भाभी कपबश्या गोळा करत होत्या. मी वायर गुंडाळत होतो. मला राग आला होता असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. राग नव्हता. मी एकदम गार होतो. शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला सांगतात तसं मी तुला एकेक सांगितलं. हमीद, हे जुनं व्हर्जन नाही. पडदा जुन्यासारखा आहे. सुरुवातीचं चित्र मी लावलंय. मदत चालू आहे. पहिल्या दिवसापासून चालू आहे. यान तू जोडलं नाहीस, एकदाही नाही. आत्ता मी आदळवलं तेसुद्धा मुद्दाम, तुझं खरं वाटावं म्हणून.

भाभींच्या हातातल्या बश्या वाजायच्या थांबल्या.

तू डोळे मिटलेस. मग विचारलंस, "किती?"

"ऐंशी."

"म्हंजी वीस माझं."

तू म्हणालास, "जुनं टाक."

तेव्हा मी माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, "आता कशाला?" तू पुन्हा म्हणालास, "जुनं टाक." मी टाकलं. तुझ्यासमोर टाकलं, नवं पुसून काढलं. दोन बटणांचं बोर्ड जुन्याला थेट कळत नाही, म्हणून आधीसारखाच मध्ये एक छोटा प्रोग्रॅम घालावा लागला. तो काय आहे ते तुला सांगत होतो, तर तू मान वळवायचा प्रयत्न केलास. ती वळली नाही. नजर वळली.

पुढचे महिने मी येत राहिलो. लोकांचं येणं तू बंद करवलंस. भाभींनी सगळ्यांना सांगितलं, तब्येत बरी नाही. आतलं कारण त्यांनीही कुणाला सांगितलं नाही. तू माझ्याशी कामापुरतं बोलायचास. मागं ने. पुन्हा लाव. उशी. पाणी. एक बोट गेलं तेव्हा मी दुसरं बटण काढून टाकलं. एकाच बटणावर थोडका दाब म्हणजे दिशा बदल, लांब दाब म्हणजे इंजिन, असं बसवलं. तू आदळत राहिलास. कधी दारापर्यंत येऊन वाहत जायचास. आता फ्रँक बोलायचं ठरवलंय तर हेही बोलतो. यान आदळलं की माझ्या आत कुठंतरी बरं वाटायचं. मग लाज वाटायची. मग मी यान मागं नेऊन ठेवायचो आणि पुन्हा आदळायची वाट बघायचो.

गुरुवार होता, दुपारची जेवणं व्हायची होती. मी पेपर वाचत बसलो होतो, पडद्याकडं लक्षही नव्हतं. बटणाचा आवाज ऐकू येत होता. टक. टक. टक् करून लांब. मग बराच वेळ आवाज आला नाही म्हणून मी वर पाहिलं. फुली मधोमध होती. यान न डगमगता, न वळता, मुंगीच्या चालीनं जात होतं. तू काहीच करत नव्हतास. करायचं काही उरलंच नव्हतं. बोट बटणावरून उचलून फळीवर टेकवलं होतंस आणि बघत होतास. तुझी मनगटं चालायची त्या दिवसांत यान जसं यायचं, तसं आलं.

हिरवी अक्षरं उमटली.

मी उभा राहिलो. पेपर खाली पडला. "झालं! हमीद, झालं! अरे झालं!" फोन खिशात होता. तो काढायचं मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी होईल असं मला वाटलंच नव्हतं.

तुझी नजर पडद्यावरून माझ्याकडं आली. "किती?"

"शून्य. आईशप्पथ शून्य. ह्यात पट्टीच नाही रे, जुनं आहे हे, तुझ्यासमोर टाकलंय."

तुझ्या तोंडाची एक बाजू हलली. तेच तुझं हसू होतं तेव्हा. "लई... चांगलं केलंस... ह्या टायमाला. कळत बी न्हाई."

मी सेटिंगचं पान उघडून दाखवलं. तू म्हणालास, "चित्र." मी व्हर्जनचा आकडा दाखवला. "चित्र." मी म्हणालो, पुन्हा सगळं पुसतो, तुझ्या डोळ्यांदेखत पहिल्यापासून टाकतो, तू परत जोड. तू बोटाकडं बघितलंस. ते फळीवर पडलं होतं तिथंच होतं. "ऱ्हाऊ दे," म्हणालास.

त्यानंतर ते बोट हललं नाही.

भाभींना मी ओरडून बोलावलं होतं. त्या पदराला हात पुसत आल्या, पडद्याकडं बघितलं, तुझ्याकडं बघितलं. "छान झालं," म्हणाल्या, आणि पातेलं चुलीवर होतं म्हणून आत गेल्या. त्या दिवशी खीर झाली नाही.

विश्वास ठेव म्हणून तुझ्यावर सक्ती करता येत नाही, हे मला त्यानंतरच्या आठवड्यांत कळलं. मी रोज येऊन तेच सांगत होतो. तू ऐकून घ्यायचास. आजाऱ्याला भेटायला आलेल्यांचं आजारी माणूस ऐकून घेतो तसं. मी सांगायचं थांबवलं तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. मग छातीत कफ झाला, दौंडच्या दवाखान्यात नेलं, तिथून परत आणलं, आणि तू गेलास.

काल तुझी जियारत झाली, तिसऱ्या दिवसाची. लोक पांगले. भाभींनी मला बसवून घेतलं. संगणक, बटणाची फळी, जॉयस्टिक, तुझा तो दांडा, सगळं एका खोक्यात भरून ठेवलं होतं. म्हणाल्या, "हे घेऊन जा, विलासभाऊ. हितं कोण चालवणार?"

मी खोकं उचललं नाही. म्हणालो, "भाभी, एक सांगायचंय. आधीचं सगळं खोटं होतं, ते तुम्ही त्या दिवशी ऐकलंत. पण शेवटचं खरं होतं. गुरुवारचं. ते त्यानं स्वतः केलं. एका बोटावर."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर मी पुढं बोललो असतो. राग नव्हता.

"ते मला बोलले होते त्या गुरुवारी," त्या म्हणाल्या. "विलासनं पुन्हा तसंच केलं म्हणाले. पर त्याला काई बोलू नको. मागल्या बारीचं त्याच्या मनाला लई लागलंय, म्हणून केलं आसंल. खरं मानलं आसं दाखव म्हणाले. मी आपलं छान झालं म्हणाले."

"नाही हो भाभी. खरंच त्यानं—"

"व्हय," त्या म्हणाल्या.

तो होकार कसला ते मला लगेच कळलं. तू तुझ्या परीनं मला माफ केलं होतंस, हमीद. जे मी केलं नव्हतं त्याबद्दल. जे तू केलं होतंस ते माझ्या नावावर टाकून. मला सांभाळून घे असं बायकोला सांगितलंस, म्हणजे शेवटी तूही माझ्यासाठी खोटं बोलायला लावलंस कुणाला तरी. तुझ्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल. ह्यासाठी मी तुझा उपकार मानू की तुझ्या कबरीपाशी जाऊन तुझ्याशी भांडू, हे मला कळत नाही.

"पट्टीच नव्हती त्यात," मी म्हणालो. "जुन्यात पट्टी नसते, भाभी."

"नसंल की," त्या म्हणाल्या आणि खोक्याला सुतळी बांधायला लागल्या. गाठ नीट बसेना म्हणून मला म्हणाल्या, "जरा बोट ठेवा हितं."

मी ठेवलं.